नव्या जॉइंटला दाब देऊ नये

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे तिच्या केसांना कलप लावणं. पुढचे केस ती आरशात बघून स्वतः रंगवायची. मागचे दिसत नाहीत, हातही पोचत नाही, म्हणून तेवढे माझ्याकडे. डोंबिवलीच्या आमच्या घराच्या गॅलरीत ती प्लास्टिकच्या स्टुलावर बसलेली, खांद्यावर माझा जुना बनियन, आणि मी मागे उभा. एका हातात टूथब्रश, दुसऱ्या हातात वाटीभर काळा चिखल.

"अहो, पाइपाला रंग मारताय का? हळू."

"पाइप बरा. पाइप बडबडत नाही."

"कानाला लागला बघा. पुसा आधी. उद्या सगळ्या बायका माझा कानच बघत बसतील."

विठ्ठलवाडीला तिच्या धाकट्या बहिणीकडे सत्यनारायण होता, त्यासाठी हा थाट. कान घासून घासून लाल केला तरी मागे डाग राहिलाच. तिने पदराने झाकला आणि पूजेला जाऊन आली. त्याच आठवड्यात एका सकाळी तिने अंघोळीचं पाणी काढलं आणि बाथरूमच्या उंबऱ्यातच बसली. शेजारच्यांनी डॉक्टर आणेपर्यंत संपलेलं. हार्ट. आजार नाही, कुरकुर नाही. भेटायला आलेल्या बायका म्हणत होत्या, केस बघा कसे काळेभोर, वय वाटत नाही हो. कानामागचा डाग मला एकट्यालाच माहीत होता.

मी रडलो नाही. दगड आहे म्हणून नाही. आलंच नाही.

त्यानंतर मला दम लागायला लागला. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. वर येताना मध्येच पायरीवर बसायचो. लोक म्हणाले, बायको गेली त्याचं दुःख. मीही तेच धरून चाललो. माझी एकुलती एक लेक ठाण्याला वर्तकनगरात राहते. ती एका रविवारी आली, माझी खालची पापणी ओढून बघितली आणि म्हणाली, "बाबा, दुःखाने डोळे लाल होतात. तुमचे पांढरे पडलेत. रक्त नाहीये अंगात."

मग तपासण्या. खालून कॅमेरा घालून बघितलं. तो प्रकार मी वर्णन करत नाही. मोठ्या आतड्यात उजव्या बाजूला गाठ निघाली. कॅन्सर.

ऐकून मला फार काही वाटलं नाही. खोटं कशाला सांगू, थोडं बरंच वाटलं. म्हटलं, चला, आपलाही नंबर लागला. मग लेकीकडे बघितलं. ती फाइल पोटाशी धरून बसलेली, लहानपणी दप्तर धरायची तशी. आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. मी डॉक्टरला म्हटलं, "कापा काय कापायचं ते."

डॉक्टर तरणा होता. मी काय काम करायचो ते त्याने विचारलं. मी सातवी शिकलेला, शीळफाट्याच्या पुढे एका केमिकल कंपनीत जन्मभर पाइपफिटर होतो. हे ऐकल्यावर तो खूश झाला.

"मग काका, तुम्हाला समजवायला सोपं. खराब झालेला तुकडा काढायचा आणि दोन्ही चांगली टोकं जोडायची. आम्हालाही तुमच्यासारखी एकच भीती, लीकेज."

"वेल्डिंग का फ्लँज?"

"शिलाई. आणि थोडे स्टेपल."

स्टेपल मला तेव्हाच पटलं नव्हतं.

त्याने चांगल्या मनानेच सांगितलं. पण फिटरसमोर जॉइंट म्हटलं की त्याच्या डोक्यात काय चालू होतं, हे त्या बिचाऱ्याला काय माहीत. आमच्याकडे नियम असा की, नवा जॉइंट बांधला की लाइन थंड ठेवायची. धक्का नाही, दाब नाही. आणि दाब दाखवणाऱ्या गेजवरची नजर हलवायची नाही. एकदा एका शहाण्याने गेजचा काटा सारखा थरथरतो म्हणून गेजचा कॉकच बंद करून ठेवला होता. काटा शांत, हा पण शांत. लाइन फुटली तेव्हा अ‍ॅसिड छतापर्यंत उडालं. माणसं वाचली ते नशीब.

ऑपरेशन नीट झालं. दवाखान्यात मला काही ठरवायची सोयच नव्हती. पाठीत बारीक नळी घातलेली, त्यातून औषध जायचं, पोट बधिर. दुसऱ्याच दिवशी सिस्टरने धरून उभं केलं आणि चालायला लावलं. तीन गोळ्यांचं एक प्लास्टिकचं खेळणं दिलं. नळीतून श्वास आत ओढायचा, गोळ्या वर उचलायच्या. छाती साफ राहते म्हणे. खोकताना पोटावर उशी घट्ट दाबायची, तेही शिकवलं. आणि रोज सकाळी डॉक्टर आला की पहिला प्रश्न, "गॅस पास झाला का?"

आतडं जागं झालं की नाही ते यावरून कळतं. तोवर खायला नीट देत नाहीत. मी सगळ्या वॉर्डासमोर मान हलवून नाही म्हणायचो. मेहुणी, म्हणजे तिची विठ्ठलवाडीची बहीण, रोज दुपारी यायची. तोंडाने तिखट बाई. ती पडदा बाजूला करूनच विचारायची, "भाओजी, पादलात का?"

"हळू बोल गं. लोक आहेत."

"लोक पादत नाहीत? माझ्या ताईला अर्ध्या रात्रीत उठवायचात, आता सरकारी परवानगी पाहिजे?"

बाजूच्या खाटेवरचा पेशंट हसला आणि त्याचे टाके दुखले, म्हणून त्याने आम्हालाच शिव्या घातल्या. ज्या दिवशी झाला त्या दिवशी मी स्वतः सिस्टरला हाक मारून सांगितलं. तिने टाळी वाजवली. सत्तरी ओलांडल्यावर त्या गोष्टीसाठी टाळी मिळेल असं वाटलं नव्हतं.

घोटाळा झाला तो घरी आल्यावर. घरी म्हणजे लेकीकडे, वर्तकनगरला. डोंबिवलीला एकटा कसा ठेवणार? पहिल्याच रात्री जेवताना लेक आणि जावई हळूच बोलले, की बाबा आता इथेच राहतील, डोंबिवलीची खोली भाड्याने देऊ. हळू बोलले तरी घर केवढं, सगळं ऐकू येतं.

मी म्हटलं, "मी माझ्या घरी जाणार."

"बाबा, दोन जिने आहेत. उठून संडासला जाताना भिंत धरताय."

"चढून दाखवलं तर?"

लेकीने ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "चढून दाखवा. कुणी न धरता. मग मी स्वतः सोडून येईन."

तर एवढंच हवं होतं मला. ते घर. तिथे तिची भांडी तिने लावलेल्या जागी आहेत. भाडेकरू आला की पहिल्या दिवशी फळी रिकामी करणार. दुसरं मागणं नव्हतं. आणि ते मिळवायचं तर जॉइंट टिकला पाहिजे, एवढं मी धरून बसलो.

आता गोळ्या माझ्या हातात होत्या. दुखण्याच्या गोळ्या, सकाळ दुपार संध्याकाळ. मी विचार केला, दुखणं म्हणजे गेज. पोटात काही बिघडलं तर दुखूनच कळणार. गोळी घेतली की गेज बंद. मग फुटलं तर समजणार कसं? मी लेकीसमोर गोळी तोंडात टाकायचो, जिभेखाली धरायचो, ती वळली की काढून उशीच्या खोळीत. आणि दाब नको म्हणून पडून राहायचो. चालणं बंद. खोकला आला तर गिळायचो. तीन गोळ्यांचं खेळणं कपाटावर. जेवणही निम्मं, लाइनमध्ये माल कमी म्हणून.

दुखायचं असं की कुशीवर वळताना डोळ्यांपुढे काजवे. पण मी मनात म्हणायचो, गेज चालू आहे, ठीक आहे.

आठवडा असा काढला. पोट साफ होईना, तोंडाला चव नाही, पाय काड्यांसारखे झाले. संडासपर्यंत जायला जावयाचा खांदा लागायला लागला. मग संध्याकाळचा ताप यायला लागला. लेकीचं ऑफिस बुडालं. तिच्या तोंडावर परत तो फाइल धरलेला चेहरा आला. डोंबिवलीचं कुणी बोलतच नव्हतं. जिने चढायचे सोडा, मी परत दवाखान्यात जायच्या रस्त्याला लागलेलो.

त्या दिवशी मेहुणी मुगाचं कढण घेऊन आली. खोळ कळकट दिसली म्हणून काढून झटकली. गोळ्या सगळ्या फरशीवर. काही अर्धवट विरघळून चिकटलेल्या.

"भाओजी, ह्या काय पिकत घातलेल्या?"

मी सांगितलं. गेज, दाब, सगळं. ती कंबरेवर हात ठेवून शेवटपर्यंत ऐकत होती. मग लेकीला हाक मारली, "अगं ए, तुझ्या बापाने पोटात कंपनी काढलीय. गाडी काढ."

त्याच दुपारी डॉक्टरसमोर बसलो. त्याने पोट दाबून बघितलं, छाती ऐकली, रक्त काढलं, छाती-पोटाचा फोटो काढला. मग मेहुणीने त्याला माझं गेजचं सांगितलं. मला वाटलं हसेल. हसला नाही. खुर्ची ओढून जवळ आला.

"काका, दुखतं कुठे? बोटाने दाखवा."

मी टाक्यांवर बोट ठेवलं.

"आणि आत, जिथे जॉइंट आहे तिथे?"

"तिथलं काही समजत नाही."

"समजणारच नाही. आतडं फुगलं, ताणलं तर ओरडतं. पण कापल्या-शिवल्याचं दुखणं त्याला कळत नाही. तुम्हाला दुखतंय ते वरचं, कातडी आणि पोटाचे स्नायू. तुम्ही ज्या गेजकडे बघत बसलात ते त्या लाइनवर नाहीच."

चुकीच्या लाइनचं गेज बघत बसलेला माणूस कंपनीत सापडला असता तर मीच त्याला गेटबाहेर काढला असता.

"मग लीकेज कळतं कशाने?"

"ताप. नाडी पळणं. पोट फुगून कडक होणं, उलटी. आणि वाढत जाणारं नवं दुखणं. तसं काही आलं तर ह्या गोळ्यांमागे ते लपत नाही. तेव्हा वेळ न बघता यायचं."

"ताप आहे ना मला."

"म्हणून तर सगळं तपासलं. पोट मऊ आहे, जॉइंट चांगला आहे. ताप छातीचा आहे. खोकला गिळलात, पडून राहिलात, कफ साचला. आणखी चार दिवस असेच राहिला असतात तर न्यूमोनिया."

"पण नव्या जॉइंटला दाब..."

"तुमच्या पाइपात माल पंप ढकलतो. हा पाइप स्वतःच ढकलतो. तुम्ही झोपलात की तोही झोपतो."

मग त्याने ठरवून दिलं. दुखायची वाट बघायची नाही. गोळी वेळेवर, दुखायच्या आधी. अर्ध्या तासाने चालायचं. छातीसाठी वेगळं औषध, पोट साफ व्हायला एक गोड पातळ औषध. जड उचलायचं नाही. बाकी दुखणं टाके भरतील तसं कमी होईल, तशा गोळ्याही तो स्वतः कमी करेल.

लेक औषधं आणायला खाली गेली. मी आणि मेहुणी बाहेर बाकड्यावर बसलो. ती पंख्याखाली पदराने वारा घेत होती.

"गेजचं झालं," ती म्हणाली. "आता दुसरं सांगा."

"दुसरं काय?"

"भाओजी, मी तुम्हाला लग्नाच्या आधीपासून ओळखते."

मग सांगितलं. पोट दुखत असतं तेव्हा ती आठवत नाही. पोट थांबलं की ती येते, उंबऱ्यात बसलेली. त्यापेक्षा पोट परवडलं.

मेहुणीने वारा घ्यायचं थांबवलं. "माझी बहीण होती ती," ती म्हणाली. "मला कुठे टाके पडलेत? मी कशाने विसरू?"

एवढंच बोलली. मला तोवर हे सुचलंच नव्हतं. बायको माझी गेली, एवढंच मी धरलेलं. तिने पिशवीतून कढणाचा डबा काढला. लेक येईस्तोवर मी तो तिथेच बाकड्यावर बसून संपवला. थंडगार झालेलं, मीठ कमी, पण संपवला.

त्या दिवसापासून गोळी घड्याळावर. काही चमत्कार झाला नाही. दुखणं गेलं नाही, पण दाराबाहेर जाऊन बसल्यासारखं झालं. मी चालायला लागलो. आधी हॉलमध्ये, मग बाहेरच्या व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत. शेजारच्या एक आजीबाई दार उघडं ठेवून बघायच्या. म्हणायच्या, "आज पाठ सरळ दिसते हो." उशी पोटाला लावून खोकायचो. काय काय निघालं छातीतून ते सांगत नाही. ताप उतरला. गोळ्यांच्या खेळण्यात आधी एकच वर जायची, मग दोन.

एका दुपारी पोट शांत होतं. खालून भंगारवाला ओरडत गेला. आमच्या डोंबिवलीला ती अशा भंगारवाल्याशी रद्दीवरून भांडायची. त्याच्या वजनकाट्यावर तिचा विश्वास नव्हता, म्हणून ती गठ्ठा स्वतःच्या हातावर तोलून दाखवायची आणि म्हणायची, "माझा हात खोटं बोलत नाही." तो बिचारा म्हणायचा, मावशी, तुमचा हातच दुकानात लावतो. मला हसू आलं. हसलं की टाके ओढतात, म्हणून उशी घेतली. आणि मग हसणं कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं ते कळलं नाही. उशी पोटावर दाबून मी रडलो. घरात कुणी नव्हतं. गोळी घेतलेली होती म्हणून रडता आलं, नाहीतर तेवढा धक्का पोटाने सोसला नसता. ती उंबऱ्यातली आली नाही. रद्दी तोलणारी आली.

आतून काढलेल्या गाठीचा रिपोर्ट आला. आजूबाजूला पसरलेलं काही नव्हतं. डॉक्टर म्हणाला, पुढे औषध लागणार नाही, तपासायला मात्र येत राहायचं. लेकीने फाइल बंद करून बाकड्यावर ठेवून दिली आणि चहा घ्यायला निघाली. फाइल मीच उचलली.

मग ते दोन जिने. लेकीच्या बिल्डिंगला लिफ्ट आहे, आम्ही ती सोडली. मी पुढे, मेहुणी मागे, लेक वर उभी. गोळी घेऊन अर्धा तास झालेला. कठड्याला हात लावलेला चालतो का, हे आधीच भांडून घेतलं. लेक म्हणाली माणसाने धरायचं नाही, कठडा चालेल.

मधल्या वळणावर थांबलो. मेहुणी मागून म्हणाली, "इथेच बिऱ्हाड करताय का?"

"दम खाऊ दे."

"खा. फुकट आहे."

चढलो. वर पोचलो तेव्हा पाय थरथरत होते पण पोट गप्प होतं. लेकीने मला पाणी दिलं आणि म्हणाली, "शनिवारी सोडते. पण फोन रोज करायचा. आणि गोळ्या खोळीत सापडल्या तर त्याच दिवशी परत."

शनिवारी संध्याकाळी डोंबिवलीला आलो. घर बंद राहून कोंदट झालेलं. लेकीने केर काढला, मेहुणीने खिचडी टाकली. भांडी सगळी जागेवर होती. मेहुणी एक पातेलं हलवायला गेली आणि माझ्याकडे बघून तिने ते परत तिथेच ठेवलं. त्या दोघी गेल्यावर मी दार लावलं. बाथरूमच्या उंबऱ्याकडे बघितलं. बघून आत गेलो, हातपाय धुतले, झोपलो.

सकाळी उठलो. चहा केला, दोन टोस्ट खाल्ले, गोळी घेतली आणि घड्याळाकडे बघत बसलो. पोट साफ झालं. मग कापडी पिशवी घेऊन खाली उतरलो. नाक्यावरच्या भाजीवाल्याने मला ओळखायला वेळ लावला. "काका, निम्मे झालात की."

"आत थोडं काम काढलेलं. दुधी कसा आहे?"

त्याने हातभर लांब दुधी उचलून दाखवला, नखाने टोचून कोवळा आहे ते दाखवलं.

"अर्धा दे."

"अर्धा कोण घेतं, काका?"

"एकटा माणूस घेतो. जड उचलायचं नाही मला, आणि सगळा संपणारही नाही."

त्याने जरा नाराजीने सुरी काढली. दुधी कापला, माझा अर्धा पिशवीत टाकला आणि दुसरा हातात धरून उभा राहिला. "ह्याचं काय करू मी? कापलेला दुसरं कुणी घेत नाही."

"ओल्या फडक्यात ठेव. उद्या येतो."

"नक्की?"

"येतो म्हटलं ना."

मी पिशवी डाव्या हातात घेतली आणि गोळीचा असर आहे तोवर जिना चढायला लागलो.